नाकावरचा राग आणि लांब नाकाचा देव

तापट माणसाबद्दल आपण म्हणतो, राग कसा अगदी नाकाच्या शेंड्यावर! हिब्रू बोलणाऱ्यांनाही रागाचं हेच ठिकाण ठाऊक होतं. हिब्रूत ‘अफ’ म्हणजे नाक आणि ‘अफ’ म्हणजेच राग. नाकपुड्या फुलतात, श्वास गरम होतो, त्यावरून हा शब्द आला. बायबलाचा जुना करार मुळात याच भाषेत आहे. त्यातल्या ‘निर्गम’ पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात परमेश्वर इस्राएलांचा पुढारी मोशे याच्यासमोरून जाताना स्वतःची ओळख सांगतो. मराठी बायबलात तिथे ‘मंदक्रोध’ हा सुरेख शब्द आहे. मूळ हिब्रूत आहे ‘एरेख अप्पायीम’, म्हणजे शब्दशः लांब नाकाचा. नीतिसूत्रे १४:१७ मध्ये याच्या उलट माणूस भेटतो, आखूड नाकाचा. तो मूर्खपणा करून बसतो.

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सहनशीलतेबद्दल बोलताना आपण ती स्वभावाच्या खात्यात टाकून मोकळे होतो. “त्या मुळातच शांत हो,” किंवा “आमच्या घराण्यातच हा तापटपणा.” पण हिब्रू शब्दात स्वभाव कुठेच नाही, लांबी आहे. राग उसळल्यापासून तो तोंडातून किंवा हातातून बाहेर पडेपर्यंत किती वेळ जातो, एवढंच तो मोजतो. राग परमेश्वरालाही येतो, बायबल ते कुठे लपवत नाही. आपल्याला वाढवायचं आहे ते हे मधलं अंतर, आणि ते सवयीने वाढतं.

जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी ‘लांब नाका’साठी ‘माक्रोथुमॉस’ हा शब्द वापरला. ‘माक्रो’ म्हणजे लांब, ‘थुमॉस’ म्हणजे उसळता राग. गलतीकरांस ५:२२ मध्ये आत्म्याच्या फळात, म्हणजे पवित्र आत्मा माणसात रुजवतो त्या गुणांत, जी ‘सहनशीलता’ आहे, ती याच घराण्यातली. पहिल्या करिंथकरांसच्या १३व्या अध्यायात प्रीतीचं वर्णन सुरू होतं ते याच क्रियापदाने. नव्या करारात दुसरा एक शब्द येतो, ‘हुपोमोने’, म्हणजे ओझ्याखाली टिकून राहणं. याकोब १:३ मध्ये मराठीत त्याला ‘धीर’ म्हटलं आहे. ढोबळपणे, माणसं सोसायला सहनशीलता आणि परिस्थिती सोसायला धीर. लांबलेलं आजारपण, सुटलेली नोकरी, कोर्टातली तारीख पे तारीख, इथे धीर लागतो. सासू, साहेब, भाऊबंद, दहावीतला मुलगा यांच्यासाठी सहनशीलता. ही रेघ पक्की नाही. याकोब ५:७ मधला शेतकरी पहिला आणि शेवटचा पाऊस पडेपर्यंत पिकाची वाट पाहतो आणि तिथे ग्रीक शब्द मात्र सहनशीलतेचा आहे. (त्या वचनातले पाऊसही आपले नव्हेत. पहिला ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीच्या वेळी येतो, शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये दाणा भरताना. मृगावर पेरणाऱ्यांना प्रवचनात एवढं सांगितलं तर वचन उलगडतं. नाहीतर जून डोळ्यांपुढे येतो आणि हिशेब जुळत नाही.)

धीर मराठीत पाहायचा तर केडगावला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, कित्येक वर्षं खपून बायबलाचं मराठी भाषांतर केलं. निराधार स्त्रियांसाठी त्यांनीच तिथे उभारलेल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात तिथल्याच स्त्रिया त्याचे खिळे जुळवत होत्या. १९२१ मध्ये रमाबाईंची एकुलती मुलगी मनोरमा गेली, एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या, आणि संपूर्ण बायबल छापून आलं १९२४ मध्ये. पण तो धीर एका मोठ्या कामाचा होता. बहुतेकांची अडचण सकाळी सव्वासातला असते, शाळेची रिक्षा दारात उभी असताना, म्हणून आता तिकडे वळू.

पहिलं काम प्रार्थनेच्याही आधीचं. एक आठवडा वही ठेवा. राग आला की तीनच गोष्टी टिपायच्या: किती वाजता, कुणावर, आणि त्या वेळी शरीराची काय अवस्था होती. भूक लागली होती का, झोप झाली होती का, डोकं दुखत होतं का. कारण लिहू नका. कारण लिहायला बसलो की आपण वकील होतो आणि वही आपल्याच बाजूने बोलू लागते. आठवड्याअखेरीस पान पाहिलं तर राग दिवसभर पसरलेला नसतो, हे बहुतेकांच्या लक्षात येतं. तो दोन-तीन ठरलेल्या जागी दबा धरून बसलेला असतो. त्यातली एक जागा निव्वळ व्यवस्थेने मिटते. डबा सकाळचाच असेल, पण बाटली, गणवेश, मोजे आणि सही करायची डायरी रात्रीच दाराशी ठेवली तर सव्वासातचं निम्मं भांडण जन्मालाच येत नाही. याला अध्यात्म म्हणायचं का? पहिल्या राजांच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली पडला आहे. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, मग पुन्हा खायला देतो. देवाचं बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांचा प्रवास झाल्यावर, होरेब डोंगरावर.

दुसरं काम, वाक्य आधीच ठरवून ठेवणं. राग चढल्यावर चांगलं वाक्य सुचत नाही, जे तोंडात तयार असतं तेच बाहेर पडतं. नीतिसूत्रे १५:१ मधलं मृदू उत्तर म्हणजे गोड आवाज नव्हे; ते आधी ठरवलेलं उत्तर असलं तरी चालतं. “मला आत्ता राग आलाय, दहा मिनिटांनी बोलू.” एवढं पुरतं. पण इथे हमखास एक चूक होते. माणूस दहा मिनिटांसाठी उठून जातो आणि परत येतच नाही. तो अबोला. अबोल्यात आवाज नसतो म्हणून तो सहनशीलतेसारखा दिसतो. प्रत्यक्षात स्वयंपाकघरातून भांडी ठेवण्याचा आवाज नेहमीपेक्षा दुप्पट येत असतो, आणि “काय झालं?” विचारलं की उत्तर येतं, “कुठं काय?” दहा मिनिटं म्हटलं तर घड्याळ पाहून दहाव्या मिनिटाला यायचं, राग पुरता गेला नसला तरी.

आता प्रार्थना. “प्रभू, मला सहनशीलता दे” ही प्रार्थना चुकीची नाही, ढगळ आहे. वहीतलं पान समोर ठेवून मागा: आज संध्याकाळी साडेसातला गणिताच्या वहीवर बसेन तेव्हा तिसऱ्यांदा तीच चूक दिसल्यावर माझा आवाज चढू देऊ नकोस. अशा प्रार्थनेचा फायदा असा, की रात्री तिचं काय झालं ते कळतं. ऐकली गेली तर आभार मानता येतात, आपण चुकलो तर नेमकं काय कबूल करायचं ते माहीत असतं.

मत्तय १८ मधला दाखला मंडळीत सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण त्यातला हिशेब कुणी मांडत नाही. राजा एका चाकराचं सगळं देणं माफ करतो, आणि तोच चाकर बाहेर पडून आपल्या सोबतीच्या चाकराला लहान देण्यासाठी तुरुंगात टाकतो. पहिल्या चाकराचं देणं दहा हजार तालांत. एक तालांत साधारण सहा हजार दीनारांचा, आणि एक दीनार म्हणजे द्राक्षमळ्यातल्या मजुराचा एक दिवसाचा रोज. म्हणजे सहा कोटी रोज. पाचशे रुपये रोज धरला तर तीन हजार कोटी रुपये. दुसऱ्या चाकराचं देणं शंभर दीनार, म्हणजे पन्नास हजार. आता, पन्नास हजार ही काही फुटकळ रक्कम नव्हे. हाती महिन्याला दहा-बारा हजार येणाऱ्या घरात ते बुडाले तर वर्षभर जाणवतं. येशूने मुद्दाम दोन-चार दीनार म्हटलेलं नाही. तुम्हाला कुणी दुखावलं असेल तर ते दुखणं खरं आहे, आकडाही खरा आहे. “एवढंसं काय मनाला लावून घेता” असं हा दाखला म्हणत नाही. तो फक्त शेजारी तीन हजार कोटींचा आकडा लिहून ठेवतो. आणि दोन्ही चाकर पाया पडून एकच विनवणी करतात, “मला वागवून घ्या.” ग्रीकमध्ये दोन्हीकडे तेच सहनशीलतेचं क्रियापद आहे. पहिल्याने स्वतःचंच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं आणि त्याला ते ओळखू आलं नाही.

तरीही राग बाहेर पडतोच. मग माफी. आपल्या माफीतला घातक शब्द एकच, ‘पण’. “माझं चुकलं, पण तूसुद्धा...” इथे पहिलं वाक्य पुसलं जातं आणि दुसरं नवं भांडण सुरू करतं. माफीत तीन गोष्टी याव्यात: काय केलं ते नाव घेऊन, त्याने समोरच्याचं काय झालं ते, आणि पुढे काय करणार ते. “पाहुण्यांसमोर मी तुझ्यावर ओरडलो. तुझा अपमान झाला. पुढच्या वेळी काही सांगायचं असलं तर आत बोलावून सांगेन.” आणि गप्प बसायचं. समोरच्याने लगेच “जाऊ दे” म्हणावं ही अपेक्षा ठेवायची नाही. मुलांचीही माफी अशीच मागावी. आईबापांनी मुलांपुढे चूक कबूल केली तर धाक जातो असं वाटणाऱ्यांनी इफिसकरांस ६:४ वाचावं. मुलांना चिरडीला आणू नका, ही आज्ञा बापांनाच आहे.

सूर्य मावळण्यापूर्वी राग सोडा, या इफिसकरांस ४:२६ मधल्या वचनाने मात्र काही घरांत रात्रीचा एक वाजवला आहे. वचन पाळायचं म्हणून दोघं दमलेली, डोळे मिटत असलेली, तरी वाद संपवल्याशिवाय झोपायचं नाही असा हट्ट. मध्यरात्री मिटवलेला वाद सकाळी बहुधा पुन्हा उघडतो. पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्या ओळीत जुन्या करारातल्या चौथ्या स्तोत्रातले शब्द घेतो आहे, आणि त्या स्तोत्रात रागावलेल्याला सांगितलं आहे ते असं: आपल्या बिछान्यावर मनाशी विचार कर आणि स्तब्ध राहा. दोन्ही वचनं एकत्र ठेवली तर मार्ग सोपा आहे. “हे उद्या चहा झाल्यावर बोलू. आत्ता माझ्या मनात तुझ्याविरुद्ध काही ठेवत नाही,” असं म्हणून दिवा मालवायचा. झोपण्यापूर्वी ते स्तोत्र मोठ्याने वाचा, जेमतेम आठ वचनं आहेत. आणि उद्या खरंच बोला. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपलाही हाच नियम: रात्री दहानंतर आलेल्या तिरकस मेसेजला सकाळी उत्तर द्यायचं, तेही त्या एकट्या माणसाला. मत्तय १८:१५ मध्येही पहिली पायरी दोघांनी एकांतात बोलण्याचीच आहे.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी, कारण तिच्याबद्दल मंडळीत फार चुकीचे सल्ले दिले जातात. मारहाण सोसणं हे आत्म्याचं फळ नव्हे. नासरेथकर येशूला कड्यावरून लोटायला निघाले तेव्हा तो त्यांच्यामधून निघून गेला. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) पौल जीव वाचवायला पाटीत बसून भिंतीवरून खाली उतरला, आणि यरुशलेमेत फटके मारायला बांधलं तेव्हा त्याने आपलं रोमी नागरिकत्व पुढे केलं. मार खाणाऱ्या बाईला “प्रार्थना करा, धीर धरा” एवढंच सांगून घरी परत पाठवणारा पाळक तिला वचनातला अर्धाच भाग देतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा आहे, महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे, तातडीला ११२. ते वापरण्यात अविश्वास नाही. क्षमा आणि सुरक्षित अंतर दोन्ही एकाच वेळी असू शकतात.

आणि समोरचा बदललाच नाही तर? वही झाली, वाक्य ठरलं, ‘पण’शिवाय माफी मागून झाली, तरी भाऊ दारात येत नाही. रोमकरांस १२:१८ मध्ये पौलाने दोन अटी घातल्या आहेत: शक्य असेल तर, आणि तुमच्याकडून होईल तितकं. दुसऱ्याच्या वाट्याचं काम त्याने तुमच्यावर टाकलेलं नाही. आपल्या वाट्याचं तेवढं करायचं: नाताळला फराळाचं ताट पाठवायचं, आजारपणात फोन करायचा, आणि त्याने उचलला नाही तर किती वेळा केला ते मोजत बसायचं नाही.