अपडेट बंद नको, वेळ आपली हवी

गणपतीच्या आधीचे दिवस म्हणजे आमच्याकडे नारायण पेठेत पावतीपुस्तकं, अहवाल आणि जाहिरातींच्या प्रुफांचा धबडगा. या दिवसांत ओळखीतला प्रत्येक डीटीपीवाला एकच सल्ला देतो: "मॅडम, विंडोज अपडेटची सर्व्हिसच डिसेबल करून टाका, कामाच्या मध्येच रीस्टार्ट व्हायची कटकट मिटेल." मला हे अजिबात पटत नाही.

२०१७ आठवा. १२ मेला वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरला आणि जगभरातल्या कितीतरी कॉम्प्युटरांवरच्या फायली अडकल्या. तो ज्या त्रुटीतून शिरला, ती बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलेलं होतं. जवळजवळ दोन महिने आधी! आमच्या मशीनला दिवसभर गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह लागतात. तिथे अपडेट कायमचं बंद ठेवणं म्हणजे दुकानाचं शटर उघडं टाकून घरी जाणं. शिवाय ती सर्व्हिस बंद केली तरी विंडोज कधी ना कधी ती परत चालू करतंच.

म्हणून अपडेट घ्यायचंच, वेळ मात्र आपण ठरवायची. विंडोजची प्रो एडिशन असेल तर ग्रुप पॉलिसी एडिटर (विंडोजचे आतले नियम बदलायची खिडकी) उघडा, विंडोज अपडेटच्या फोल्डरमध्ये 'कॉन्फिगर ऑटोमॅटिक अपडेट्स' एनेबल करा आणि खालच्या यादीतला पर्याय २ निवडा. मग डाउनलोड करण्याआधी विचारणा होते, परस्पर काही उतरत नाही. होम एडिशनमध्ये हा एडिटर मिळत नाही. तिथे 'पॉज अपडेट्स'वरच भिस्त, तेही जास्तीत जास्त ३५ दिवस; नंतर साचलेलं सगळं घ्यावं लागतं, मगच पुन्हा पॉज. सोबत 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' लावा. ते १८ तासांपर्यंत जातात, म्हणजे सीझनमध्ये सकाळी सात ते रात्री एक. त्या वेळेत मशीन आपोआप रीस्टार्ट होत नाही.

महिन्याचं मुख्य अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात. बुधवारी उघडल्या उघडल्या मी ते घेत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० च्या मोठ्या अपडेटने काही लोकांच्या फायलीच उडाल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं होतं. चार दिवस जाऊ द्यावेत, हे मी तेव्हापासून पाळते. शनिवारी संध्याकाळी चालू कामांची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यायची, मग अपडेट सुरू करायचं. गुरुवारी तर मुळीच नाही. पुण्यात देखभालीसाठी वीज जाते ती याच वारी, आणि अपडेट अर्ध्यावर असताना यूपीएसच्या बॅटरीवर विसंबायची माझी तयारी नाही.