आओ झाय शिवायचाय? मग आधी ह्वे, नंतर होई आन

व्हिएतनामला जाणारे आपल्याकडचे बरेच जण होई आनला पोचले की समोर दिसेल त्या शिंप्याकडे आओ झायचं, म्हणजे विजारीवर घालायच्या तिथल्या लांब अंगरख्याचं, माप देऊन मोकळे होतात. माझं आग्रहाचं सांगणं आहे, की उत्तरेकडून खाली या: हनोई, ह्वे आणि मग होई आन. वाटेत हा पोशाख नीट पाहून घेतलात, तर शिंप्याकडे काय मागायचं हे आपसूक कळतं.

हनोईत ली थुओंग किएत रस्त्यावरचं महिला संग्रहालय चुकवू नका. होआन किएम तळ्यापासून ते चालण्याच्या अंतरावर आहे. देशात ५४ जमाती आहेत आणि आओ झाय हा त्यांतल्या बहुसंख्य किन्ह लोकांचा पोशाख. डोंगरातल्या ह्माँग बायका तागासारख्या धाग्याच्या कापडावर मेणाने नक्षी काढून ते निळीत बुडवतात. ते काम जवळून पाहिल्यावर एकाच पोशाखाला ‘व्हिएतनामी’ म्हणणं मला अपुरं वाटू लागलं.

ह्वेमध्ये मात्र सवड काढून राहा. इथूनच १७४४ मध्ये न्गुएन फुक खोआत या दक्षिणेच्या सत्ताधीशाने आपल्या प्रजेचा वेश उत्तरेपेक्षा वेगळा ठरवला: विजार आणि त्यावर बटणांचा लांब अंगरखा. त्यातून पुढे पाच पाखांचा ‘आओ न्गू थान’ रूढ झाला. एका दुकानातल्या आजींनी मला तो उलगडून दाखवला. पूर्वीचे हातमाग अरुंद, म्हणून पुढे दोन पट्टे, मागे दोन पट्टे आणि मधोमध सरळ शिवण. पुढचा पदर उचलला की आत पाचवा छोटा पाख दिसतो. चार पाख म्हणजे स्वतःचे आणि जोडीदाराचे आईवडील, आतला पाचवा म्हणजे घालणारी व्यक्ती. पाच बटणं म्हणजे माणुसकी, न्याय, रीत, शहाणपण आणि विश्वास. आईवडील बाहेरून आपल्याला झाकून आहेत, ही कल्पना मला फार भिडली. असा अंगरखा पुरुषही घालतात, त्यामुळे नवऱ्यासाठीही जरूर चौकशी करा.

आज दिसणारा अंगाबरोबरचा आओ झाय पुष्कळ अलीकडचा. १९३० च्या दशकात हनोईचे चित्रकार न्गुएन कात तुओंग यांनी त्याला नवा घाट दिला. नंतर सायगावच्या (आताच्या हो ची मिन्ह शहराच्या) शिंप्यांनी बाहीची शिवण गळ्यापासून काखेपर्यंत तिरकी नेली आणि काखेतल्या चुण्या गेल्या. तुमच्या शिंप्याची पारख याच शिवणीवर करा. हात वर केल्यावर तिथे कापड ओढलं जात असेल, तर बिनधास्त परत द्या.

होई आनला रेल्वे स्टेशन नाही. ह्वेहून दा नांगपर्यंत हाय वान घाटातली समुद्रालगतची रेल्वे घ्या, पुढे गाडीने तासाभरात पोचाल. पोचल्या दिवशीच माप द्या. ‘उद्या देतो’ म्हणणारे खूप भेटतील, पण मधे किमान एक दिवस आणि दोन फिटिंग हवीतच. फिटिंगला जाताना जी अंतर्वस्त्रं आणि चपला वापरणार, त्याच घालून जा. विजार जमिनीला टेकेल इतकी लांब असते, टाच बदलली की सगळं बिघडतं. आपल्या कुर्त्यापेक्षा चिरा वर, थेट कमरेच्या वरून सुरू होतात आणि बाजूला कातडीचा छोटा त्रिकोण दिसतो. नको असेल तर कापड बेतण्याआधीच सांगा. आणि विजारीशिवाय आओ झाय घालून फोटो काढू नका. तिथल्या लोकांना ते मनापासून खटकतं.

रेशीम म्हणून पॉलिएस्टर सर्रास गळ्यात मारतात. एक धागा मागून जाळून बघा: खरं रेशीम केसासारखं वास देतं आणि राख चुरगळते, पॉलिएस्टर वितळून त्याची गोळी होते. रोज घालायचं असेल तर मिश्र कापडही वाईट नाही, फक्त किंमत तशी द्या. रंगांत लाल लग्नाचा, पांढरा शाळकरी मुलींच्या गणवेशाचा, जांभळा ह्वेचा. मी जांभळा घेतला.

उत्तरेत ‘आओ झाय’ म्हणा, सायगावकडे तेच ‘आओ याय’. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ह्वे आणि होई आनला पूर येतात, त्यामुळे शिवणकामाचा बेत असेल तर फेब्रुवारी ते एप्रिल गाठा.