केशराच्या बाटलीतलं निकोटिन

गेल्या शनिवारी संध्याकाळी भाचा घरी आला तो सरळ माडीवर, माझ्या टेबलापाशी. खिशातून ई-सिगरेटची बोटाएवढी निळी प्लास्टिकची नळी काढून म्हणाला, "मामा, ही संपलीय. आई सांगत होती, तू पूर्वी घरीच भरायचास. मला शिकव ने."

एकोणीस वर्षांचा आहे तो. इथेच बडोद्यात, फतेगंजला मित्राच्या खोलीवर राहतो. नळी हातात घेतली, उलटसुलट बघितली आणि परत दिली. लगेच काही बोललो नाही, कारण मला खरंच भरता यायची, आणि तीच अडचण होती.

2011 ची गोष्ट. मी दिवसाला बारा सिगरेटी ओढायचो. न्यू जर्सीचा चुलतभाऊ दिवाळीला बडोद्यात आला तेव्हा त्याने एक किट आणून दिलं: बॅटरी, अ‍ॅटोमायझर (द्राव तापवून वाफ करणारा भाग) आणि वर बसणारं, तोंडात धरायचं कार्ट्रिज. हे यंत्र आजच्या रूपात काढलं ते होन लिक या चिनी फार्मासिस्टने, 2003 मध्ये. कार्ट्रिजच्या पोटात उशीत भरतात तसला पांढरा पॉलिस्टरचा कापूस आणि त्यात भिजलेलं औषध. आम्ही त्या पातळ द्रावाला औषधच म्हणायचो. आता तो शब्द लिहितानाही मला लाज वाटते.

पाच कार्ट्रिजं आठवड्यात संपली. नवी अमेरिकेहून यायची, तीही कोणी येणार असेल तर. माझं काम इन्स्ट्रुमेंट दुरुस्तीचं. हातात सोल्डरिंगची बंदूक, शेजारी मल्टिमीटर. बंद पडलेली वस्तू उघडल्याशिवाय मला झोप लागत नाही. कापूस चिमट्याने काढला, सिरिंजने द्राव घातला, पुन्हा ओढून बघितली. चालली! त्या रात्री जो आनंद झाला तो सिगरेटीने कधी दिला नव्हता.

मग सुधारणा सुरू झाल्या. कापूस द्राव धरून ठेवतो पण कॉइलपर्यंत, म्हणजे तापणाऱ्या तारेपर्यंत, नीट सोडत नाही, म्हणून दोन-चार झुरक्यांत कॉइल कोरडी पडते आणि घशात जळका फटका बसतो. मी कापसाच्या जागी चहाच्या पिशवीचा कागद दुमडून घातला. तेव्हा जगभरचे लोक हा प्रयोग करत होते. पुढे मंगळबाजाराच्या बाजूला माशांच्या टाक्या विकणाऱ्या दुकानातून फिल्टरचा निळा स्पंज आणला, कात्रीने कापला, बसवला. वाफ दुप्पट. तो स्पंज पाण्यात राहण्यासाठी बनवलेला, तापलेल्या तारेशेजारी नव्हे, हा विचार मला तीन वर्षांत एकदाही शिवला नाही.

त्या जळक्या फटक्याबद्दल थोडं सांगतो, कारण भाच्यालाही तेच आधी सांगितलं. द्रावात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं. कॉइल ओली आहे तोवर उष्णता वाफ करण्यात जाते. कोरडी पडली की तापमान एकदम चढतं आणि ग्लिसरीन तुटून अ‍ॅक्रोलीन होतं, शिवाय फॉर्मल्डिहाइडही. कढईत तेल जळलं की डोळ्यांत झोंबणारा धूर येतो ना, त्यातही हेच अ‍ॅक्रोलीन. स्वयंपाकघरात आपण लगेच खिडकी उघडतो. मी तोच धूर मुद्दाम छातीत ओढत होतो आणि स्पंज बदलून बघू म्हणत होतो.

निकोटिनची बाटली मिलिलिटरला 36 मिलिग्रामची यायची. ती ग्लिसरीन घालून 24 वर आणायचो, वहीत गुणाकार मांडून. एक सिगरेट शरीरात साधारण एक-दोन मिलिग्राम सोडते. म्हणजे करंगळीएवढ्या दहा मिलिलिटरच्या बाटलीत शंभराहून जास्त सिगरेटी. सांडलं तर बोटं पँटला पुसायचो. इथून तासाभरावर चरोतर आहे, तंबाखूचा मुलूख. ओली पानं खुडणाऱ्या मजुरांना चक्कर येते, उलट्या होतात, ते कातडीतून आत जाणाऱ्या निकोटिनमुळेच. हे ऐकत मी लहानाचा मोठा झालो, तरी माझ्या बोटांशी त्याचा संबंध जोडला नाही.

उजेडाने निकोटिन पिवळं-तपकिरी पडतं. म्हणून मी ते गडद काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवायचो. बाटली कुठली, तर आईची संपलेली केशर इसेन्सची. लेबल तसंच होतं. द्रावही पिवळसर झाला होता.

2014 चा पाडवा. आईने चक्का फेटला होता, साखर घालून पुरणयंत्रातून काढला होता. मी गुढी उतरवून आत आलो तर बाटली ओट्यावर, झाकण उघडं, आणि माझी चार वर्षांची मुलगी चमचा घेऊन पातेल्याशी उभी. "आजी, चाखू?" मी तिचा हात इतक्या जोरात ओढला की ती रडायला लागली. आईने अर्धा चमचा घातला होता. हिशोब मी उभ्या उभ्या केला: अडीच मिलिलिटर, 60 मिलिग्राम. त्या वेळी मुलीचं वजन पंधरा किलो होतं.

आईने बोटावरचा थेंब जिभेला लावला होता. जीभ चरचरली, घाम फुटला, मळमळलं. डॉक्टरांकडे नेलं, रात्री बरी झाली. श्रीखंड मी स्वतः पिशवीत बांधून फेकलं. आईने मला एक शब्दही सुनावला नाही. फक्त नंतर कित्येक महिने ती वेलची घालायची तीही डबा हुंगून.

मी भरणं त्या दिवशी सोडलं. ओढणं सुटायला पुढे दीड वर्ष लागलं, निकोटिनच्या चावायच्या गोळ्यांवर (निकोटिन गम). ती गोळी च्युइंगमसारखी चघळत राहायची नसते. थोडी चावायची, झिणझिण्या आल्या की गालात धरायची, आणि आधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही. मला हे कोणी सांगितलं नाही म्हणून पहिला महिना वाया गेला.

भाच्याच्या नळीवर 5 टक्के लिहिलं होतं, म्हणजे मिलिलिटरला 50. माझं 24 सुद्धा घसा सोलायचं. याचं 50 गुळगुळीत उतरतं, कारण त्यात आम्ल मिसळून निकोटिनचा क्षार केलेला असतो. घसा "पुरे" म्हणतच नाही. भरायला तो जे आणणार होता ती बाटली कुणाच्या तरी डिकीतून येणार होती, लेबलाशिवाय. 2019 मध्ये अमेरिकेत वेपिंगमुळे फुप्फुसं निकामी होऊन माणसं दगावली, तिथे मुख्य दोषी सापडलं ते गांजाच्या द्रावात मिसळलेलं व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट. कार्ट्रिज बाहेरून बघून आत काय आहे ते कळत नाही, मला तर मल्टिमीटर लावूनही कळलं नसतं. आपल्याकडे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ई-सिगरेटवर बंदीचा वटहुकूम आला, डिसेंबरमध्ये कायदा झाला. विक्रीला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा ठेवला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे मी त्याला सांगितलं, पण त्याचा चेहरा बदलला तो पाडव्याची गोष्ट ऐकून. ती त्याला घरात कोणी सांगितली नव्हती.

1800-112-356 हा तंबाखू सोडवण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर त्याच्या मोबाइलमध्ये माझ्यासमोर घालून घेतला. गोळी किती मिलिग्रामची घ्यायची ते आमच्या डॉक्टरांना विचारायचं ठरलं.

काल रात्री त्याचा फोन आला. दोन दिवस ओढली नाही, झोप येत नाही, सगळ्यांवर चिडतोय म्हणाला. मी म्हटलं, पहिले तीन-चार दिवस वाईट असतात, एकटा राहू नकोस, इकडे ये. अकराला आला. आईने त्याची गादी गच्चीवर माझ्या शेजारी घातली.