आज तू मला ऐकूच आली नाहीस

रात्रीचे पावणेदोन. बास, माझं माणसाएवढं उभं तंतुवाद्य, अजून कव्हरमध्येच, भिंतीला टेकून उभा. उजव्या तर्जनीला फोड आलाय, म्हणून पेन कसंतरी धरलंय. अक्षर लागलं तर लागलं.

मी जिच्याबरोबर वाजवते त्या गायिकेचं वाक्य डोक्यातून जात नाही. "आज तू मला ऐकूच आली नाहीस." कार्यक्रम संपल्यावर आत, पाण्याची बाटली शोधता शोधता म्हणाली. माझ्याकडे बघितलंही नाही. आवाजात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं. मी कव्हरची चेन ओढत होते. "हो का?" एवढंच तोंडातून निघालं. तेवढ्यात कोणीतरी तिची सही घ्यायला आलं, मग तिची गाडी आली.

ऐकू न येणं म्हणजे नक्की काय?

चार-पाच जणांचा बँड असता तर मी मनावर घेतलं नसतं. ड्रमच्या झांजा आणि पियानोवाल्याचा डावा हात यांच्यामध्ये बास बुडतोच, त्याची सवय असते. पण आम्ही दोघीच असतो. पियानो नाही, ड्रम नाहीत, गिटार नाही. चार तारा आणि एक गळा. मी जर तिला ऐकू येत नव्हते, तर नव्वद मिनिटं ती कशाच्या आधारानं गात होती?

घरी येताना पहिल्यांदा मॉनिटरवर, म्हणजे स्टेजवर आम्हाला आमचाच आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरवर, खापर फोडलं. साउंडचेकला तिनं मान हलवली होती खरी, पण रिकामं सभागृह आणि भरलेलं सभागृह यांत फरक पडतो. त्यातून बासच्या सुरांचं वागणंच वेगळं. माझ्या सगळ्यात खालच्या सुराची, ईची, कंपनं सेकंदाला साधारण ४१. त्या सुराची एकेक लाट आठ मीटरहून लांब. भिंतीवरून परत आलेली लाट आणि इकडून निघालेली लाट एखाद्या जागी अशा भेटतात की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. तिथं उभ्या असलेल्या माणसाला काहीच कळत नाही आणि दोन पावलं सरकलं की छातीत धडधड जाणवते. ती नेमकी तशा जागेवर उभी असेल. असेलही. पण मग ती डगमगली असती, निदान माझ्याकडे वळून बघितलं असतं. ती एकदाही वळली नाही.

मग डी फ्लॅट.

हे मी याआधीही लिहिलंय, पण आज परत लिहिते. कार्यक्रमातल्या तिसऱ्या गाण्यासाठी तिला डी फ्लॅटची पट्टी हवी, म्हणजे आपली काळी एक. मी महिनाभर म्हणतेय, डी घे. फक्त अर्धा सूर वर. तिच्या गळ्याला तो अर्धा सूर जड जाणार नाही, हे तिलाही माहीत आहे. पण माझ्या बाजूनं बघितलं तर त्या अर्ध्या सुरात सगळं जग बदलतं. बासच्या मोकळ्या तारा ई, ए, डी आणि जी. डीच्या पट्टीत या चारही बसतात. डी फ्लॅटच्या पट्टीत यातली एकही बसत नाही. एकही नाही! म्हणजे अख्ख्या गाण्यात प्रत्येक सूर दाबून काढायचा. मोकळी तार सोडली की लाकूड आपोआप घुमतं, हाताला श्वास घेता येतो, शिवाय सूर ताडून बघायला एक खुंटा मिळतो. डी फ्लॅटमध्ये तो खुंटाच नाही. तारा जिथं दाबायच्या त्या फिंगरबोर्डवर गिटारसारखे पडदे नाहीत. वरच्या टोकाला अर्ध्या सुराचं अंतर जवळजवळ ६ सेंटिमीटर, तेही अंधारात, पियानोनं सूर सांगितल्याशिवाय शोधायचं. आवाजही कोरडा होतो. मी हे सगळं तिला एकदा नीट सांगितलं होतं. ती म्हणाली, "डीमध्ये ते गाणं उजेडात येतं. मला ते उजेडात नकोय."

मग मी गप्प बसले. पण आज वाटतंय, माझ्या वाद्यातलं मोकळं घुमणं काढून घेतलंस आणि आता म्हणतेस की ऐकू आली नाहीस?

मघाशी गाडीत रडू आलं होतं ते यानंच. शिवाय सूत्रसंचालकानं सुरुवातीला "गायन अमुक, आणि बासची साथ" असं म्हटलं. साथ. पोस्टरवर दोन नावं सारख्याच आकारात होती, तरी तोंडातून साथच आलं. तो वाईट माणूस नाही, शब्दच तसा रुळलेला आहे. सगळे मला तंबोऱ्याचं उदाहरण देतात, असतो तेव्हा कळत नाही, बंद पडला की कळतं वगैरे. चांगल्या मनानंच देतात. पण तंबोरा एका जागी बसून असतो. मी चालत असते. प्रत्येक बारात, म्हणजे चार मात्रांच्या तुकड्यात, चार पावलं, ३२ बार झाले की पुन्हा पहिल्यापासून, आणि पाऊल कुठं पडलं यावर तिच्या सुराचा अर्थ ठरतो. ती जी धरून उभी राहिली आणि मी खाली सी वाजवला, तर तिचा सूर स्थिर, घरी आल्यासारखा. मी ई फ्लॅट वाजवला तर त्याच सुरात ऊब येते. ए वाजवला तर तोच सूर प्रश्न विचारायला लागतो. तिनं काहीच बदललेलं नसतं. पियानो असता तर हे काम वाटून गेलं असतं. इथं ते माझ्या एका बोटावर असतं. आणि हे ज्या बोटावर आहे ते ऐकू येत नाही?

बाबा असते तर त्यांनी... जाऊ दे.

तिनं मागच्या वर्षी दुसऱ्या बासिस्टबरोबर जे रेकॉर्ड केलं, त्याबद्दल आज लिहायचं नाही असं ठरवलंय.

आल्यावर शीला जॉर्डन लावली, अमेरिकन जॅझ गायिका. असं काही झालं की मी तिच्याकडेच जाते. बास आणि गळा या जोडीला तिनं जेवढं आयुष्य दिलं तेवढं मला माहीत असलेल्या दुसऱ्या कोणत्याही गायिकेनं दिलेलं नाही. तिच्या १९६२च्या पहिल्या रेकॉर्डवर गिटार आहे, ड्रम आहेत, पण एका गाण्यात सगळे थांबतात आणि उरतात ती आणि स्टीव्ह स्वॅलोचा बास. ते गाणं सतत प्रश्न विचारणाऱ्या एका लहान मुलाचं आहे. ती मुलाच्या मागं पळते आणि स्वॅलो तिच्या मागं. मग १९७७ मध्ये आरिल्ड अँडरसन या बासिस्टबरोबर अख्खी रेकॉर्ड फक्त दोघांची. पुढं हार्वी स्वार्ट्झ, कॅमेरॉन ब्राउन, हेही बासिस्टच. मधल्या काळात पोटासाठी कित्येक वर्षं जाहिरात कंपनीत सेक्रेटरीची नोकरी. २०२५च्या ऑगस्टमध्ये गेली, ९६ वर्षांची होऊन. ज्या दिवशी कळलं त्या दिवशी आम्ही दोघींनी रिहर्सल न करता नुसतं ऐकलं होतं. बोललो नव्हतोच.

(लोक आम्हाला नेहमी विचारतात, पेगी ली या गायिकेच्या 'फिव्हर' गाण्यासारखं का? १९५८चं ते रेकॉर्डिंग मलाही फार आवडतं, पण त्यात ड्रम आहेत, चुटक्या आहेत. चुटकीनं केवढा फरक पडतो! मात्रा कुठं आहे हे सांगणारं तिसरं कोणीतरी तिथं असतं. आमच्याकडे ते सांगणारं कोणी नसतं. मात्रा दोघींच्या पोटात असते.)

आज शीला ऐकताना मी नेहमीसारखी बासकडे कान लावून बसले. स्वॅलो काय करतोय, कुठं थांबतोय. गाणं संपल्यावर लक्षात आलं की तिनं दुसरी ओळ कशी म्हटली ते मला सांगता येणार नाही. हे रेकॉर्डिंग मी शेकडो वेळा ऐकलंय.

ते तिथंच सोडलं आणि आजचं रेकॉर्डिंग काढलं. फोन स्टेजच्या कडेला ठेवला होता, नेहमीप्रमाणे. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून ४१ कंपनांचा सूर बाहेर येऊच शकत नाही. तरीही तो ऐकू येतो, कारण त्या सुराचे वरचे स्वर येतात आणि खालचा मूळ सूर मेंदू स्वतःच भरून घेतो. मी हे कितीतरी विद्यार्थ्यांना शिकवलंय. तिसरं गाणं लावलं. मला पुरावा हवा होता. मी तिथं होते, नीट ऐकू येत होते, हा पुरावा.

ऐकू येत होते. पहिल्या सोळा बारांत थोडी जड आहे. दोनदोन मात्रांनी चाललेय, घाई नाही. मधल्या आठ बारांत चार मात्रांवर गेले, तेही बरं आहे. आणि शेवटच्या आठ बारांत शिरताना मी थांबते.

अडीच बार. मी वाजवतच नाहीये.

मागं नेऊन परत लावलं. खरंच नाही. तेव्हाच फोड फुटला असणार, हात झटकलेला अंधुक आठवतो. पण मला शपथेवर विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं की गाणं सलग वाजवलं. डोक्यात ते सलगच होतं. सूर डोक्यात वाजत होते, बोटं तेवढी उतरली होती.

आणि ती गातेय. एकटी, डी फ्लॅटमध्ये, कोणताही खुंटा नसताना. आवाज वाढवत नाही. भरून काढायला म्हणून काही करत नाही. बारची पहिली मात्रा जिथं मी असायला हवी होते तिथं ती श्वास घेते, माझी जागा सोडून, आणि मग ओळ उचलते. अडीच बारांनंतर मी परत येते, ए फ्लॅटवर, अर्ध्या मात्रेनं उशिरा. सूर जिथं सोडला होता तिथंच आहे. जरासुद्धा उतरलेला नाही. जोड कळत नाही. मला सांगितलं नसतं तर मलाही कळला नसता.

सहा वेळा ऐकलं. सातव्यांदा नाही ऐकलं.

सहाव्या वेळेला एक गोष्ट डोक्यात आली आणि घशाशी काहीतरी अडकलं. मी किंचित उतरले की तिच्यापुढं दोनच वाटा असतात, एकटीनं सुरात राहायचं किंवा माझ्याबरोबर उतरायचं. ती आजपर्यंत दर वेळी माझ्याबरोबर उतरली आहे. म्हणजे त्या वेळी तिला मी ऐकू येत असणार, फार स्पष्ट ऐकू येत असणार. एका कानानं मला सांभाळत, उरलेल्या अंगानं गात. आज तिला ते करावं लागलं नसेल. किंवा मी थांबले हेसुद्धा तिला कळलं नसेल. माझ्यासारखंच तिच्याही डोक्यात ते सलग वाजलं असेल. किंवा खरंच मॉनिटर बंद असेल!

पण तिनं त्या अडीच बारांत जे केलं, ते मी आज रात्री पहिल्यांदा ऐकलं, फोनवर, जमिनीवर बसून. स्टेजवर मी तिच्यापासून चार पावलांवर होते. स्टेजवरचं काय आठवतं? तिचे श्वास आठवतात. खांदा किंचित वर गेला की ओळ येणार हे आठवतं. डाव्या टाचेनं ती दुसरी आणि चौथी मात्रा धरते ते आठवतं. आवाज आठवत नाही. कसा लागला होता, कुठं थरथरला, कुठला शब्द तिनं गिळला, काही नाही.

नऊ वर्षं झाली. किती कार्यक्रमांनंतर मी तिला हे सांगू शकले असते, आणि सुचलंही नाही. ती सांगून मोकळी झाली, पाण्याची बाटली शोधता शोधता.

आता मघाचं रडू थोडं लांबचं वाटतंय. रुसवा पूर्ण गेलाय असं नाही. साथ हा शब्द मला अजूनही बोचतो, आणि तिनं वळून बघायला हवं होतं हेही माझं म्हणणं आहे. निदान एकदा. पण आवाज न आठवण्यात मला वाटलं होतं तेवढं वाईट काही सापडत नाहीये. मी तिथंच होते ना. खांदा वर गेला की माझं बोट खाली जात होतं.

अडीच वाजले. फोडावर पट्टी लावली आहे. दोन दिवस मधल्या बोटानं वाजवावं लागेल. गुरुवारी रिहर्सल आहे. डी फ्लॅटच राहू दे, असं सांगणार आहे तिला. शेवटच्या आठ बारांत मी मुद्दाम थांबून बघू का, तेही विचारणार आहे. पहिल्या अडीच बारांतच, जास्त नाही.

ती काय म्हणाली होती त्याचा अर्थ विचारायचा की नाही, ते ठरत नाहीये. बहुतेक नाही विचारणार. विचारलंच तर आधी मॉनिटरचं विचारीन.