वहीतले मीठ

मूत्रपिंड प्रत्यारोपणाला पाच आठवडे झालेल्या एका रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम ५.९ आल्याचे कळले, तेव्हा आहारतज्ज्ञ म्हणून माझा पहिला संशय फळांवर गेला. हा आकडा साधारण ३.५ ते ५ च्या दरम्यान असावा लागतो; तो फार चढला तर हृदयाचे ठोके बिघडतात. औषधांचे काम डॉक्टर पाहत होते, ताटाचे काम माझे होते, म्हणून मी रुग्णाच्या घरी गेले.

स्वयंपाकघरात बोट ठेवायला जागा नव्हती. अंडे बलक घट्ट होईपर्यंत उकडलेले, कच्ची मोडाची कडधान्ये बंद, उरलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातील पातळी वाढवणारे ग्रेपफ्रूट आणि पपनस घरात येतच नव्हते. रुग्णाच्या पत्नीने प्रत्येक जेवण वहीत लिहून ठेवले होते. केळे नाही, बटाटा चिरून उकडून पाणी टाकून दिलेला. वही दोनदा वाचूनही हिशेब जुळेना.

"मॅडम, तुम्ही सांगितल्यापासून साधं मीठसुद्धा बंद केलंय," असे म्हणत त्यांनी पाकीट पुढे केले. ते कमी सोडियमचे मीठ होते.

अशा मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग कमी करून त्याजागी बहुधा पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकते. पण टॅक्रोलिमसमुळे पोटॅशियम बाहेर टाकण्याची क्रिया मुळातच मंदावते, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी रुग्णाला चालू असलेले को-ट्रायमोक्साझोलही तेच करते, आणि त्यावर प्रत्येक घासाबरोबर ही भर पडत होती.

रक्तदाबासाठी "मीठ कमी करा" एवढेच मी रुग्णालयातून सोडताना बोलले होते. बेचव जेवणाने रुग्ण ताटावरून उठू नये, म्हणून त्यांनी आपल्या परीने वाट काढली. माझे सांगणे मोडलेही नव्हते. वहीत रोजच्या पानावर "मीठ : कमी" असे स्वच्छ अक्षरात होते, आणि कोणते मीठ, हे विचारायचे मला दोन्ही वाचनांत सुचले नव्हते.

पाकीट बाजूला ठेवून आम्ही दिवसाचे साधे मीठ चमच्याने मोजून एका वाटीत काढले. चवीसाठी लिंबू आणि मिरपूड घ्यायचे ठरले. चार दिवसांनी पोटॅशियम ४.९ आले. त्यात डॉक्टरांनी बदललेल्या औषधाचा वाटा किती आणि पाकिटाचा किती, हे वेगळे काढता येणार नाही. पुढच्या भेटीत वहीत नोंद होती : "मीठ : साधे, वाटीतले, थोडे उरले."