उलट्या बाजूचा मोर

माझ्या हिरोचं नाक दर चौकटीत बदलतं. पहिल्या चौकटीत ते भज्यासारखं असतं, दुसऱ्या चौकटीत चाफेकळी होतं. तिसऱ्यात नाकच नसतं, कारण तिथं तो बाजूनं दिसायला हवा आणि मला बाजूनं तोंड जमत नाही, म्हणून मी त्याला खाली वाकवून चप्पल शोधायला लावतो. चार चौकटींची गोष्ट संपेस्तोवर हिरो कुठंतरी निघून गेलेला असतो आणि त्याचे चार चुलतभाऊ तेवढे जमलेले असतात.

वय ४३, नोकरी बँकेत. जेवणं झाली आणि टीव्हीचा रिमोट इतरांच्या ताब्यात गेला की मी वही उघडून कॉमिक्सची पात्रं काढायला शिकत बसतो. पूर्वतयारी म्हणाल तर शाळेतली एलिमेंटरी, तीही सी ग्रेड. स्मरणचित्राच्या पेपरात माझी सगळी माणसं पाठमोरी असायची. भाजीबाजारात पाठमोरी, पंगतीत पाठमोरी. हात खिशात आणि पाय गवतात. गवत कुठं, तर भर डांबरी रस्त्यावर.

पहिला हिरो काढला तेव्हा मी काही म्हणजे काही कमी ठेवलं नाही. मुखवटा, पट्टा, गुडघ्यापर्यंत बूट, छातीवर वीज, मनगटावर कडं, हातात त्रिशूळ. आणि सोलापूरचा हिरो म्हटल्यावर पाठीवर वाऱ्यावर फडफडणारी चादर. वही मामांना दाखवली.

मामांचं सगळं आयुष्य अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीचे ग्राफ काढण्यात गेलं. जॅकार्डच्या मागावर मोर विणायचा तर आधी तो चौकटींच्या कागदावर उतरवावा लागतो. कुठल्या चौकटीत ताणा, म्हणजे उभा धागा, वर, कुठल्या चौकटीत खाली, हे एकेक घर भरून ठरवायचं, मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची. जोसेफ जॅकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४ च्या सुमारास काढलेली ही युक्ती. आता कारखान्यांत हे काम कॉम्प्युटरवर होतं, पण मामा अजूनही वर्तमानपत्रातलं शब्दकोडं भरताना काळ्या घरांची नक्षी बरी जमलीय का ते आधी बघतात.

वही बघून त्यांनी चष्मा वर केला. "हे काय करलालास बे? चादर अशी उडती का? वजन किती असतंय तिला! अशी खाली लोंबंल."

मी म्हटलं, "मामा, कॉमिक्स आहे हो. त्यात माणूससुद्धा उडतो."

"माणूस उडू दे की. कापड कापडासारखं पायजे."

हे मला कुठल्याच व्हिडिओनं इतकं नीट सांगितलं नव्हतं. जाड कापडाला चुण्या थोड्या पडतात, पण रुंद आणि गोलसर. पातळ कापडाला बारीक, टोकदार, पुष्कळ. मी चादरीला मलमलीच्या चुण्या घातल्या होत्या. ज्या गावात घरटी चार चादरी, त्या गावच्या माणसाची ही चूक.

मग मामांनी भाचीचा काळा स्केचपेन घेतला आणि माझा आठवडाभराचा हिरो आतून पूर्ण भरून टाकला. वीज गेली, पट्टा गेला, मुखवटा गेला. उरलेल्या काळ्या ठिपक्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आता सांग, कोण हाय ह्यो?"

शेंगांचं पोतं होतं. वर त्रिशूळ खुपसलेलं.

पात्राची सावली ओळखू आली पाहिजे, हा या धंद्यातला जुना नियम आहे. मिकी माऊस १९२८ पासून याच जोरावर उभा आहे. तो कुठंही तोंड वळवो, त्याचे कान गोलच दिसतात. खऱ्या उंदराचे तसे दिसणार नाहीत, पण तिथं खऱ्या उंदराला विचारतो कोण? पांढरे हातमोजे त्याला नंतर मिळाले, काळ्या अंगावर काळे हात दिसेनात म्हणून. आपल्याकडे प्राण यांचे चाचा चौधरी घ्या: पगडी, मिश्या आणि काठी. शेजारी धिप्पाड साबू, त्यामुळे चाचा आणखीच चिमुकले. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन चौकटींचा कोट घालून वर्षानुवर्षं नुसता उभा राहिला, बोलला नाही, तरी गर्दीत शोधावा लागला नाही. माझ्या हिरोकडे सात वस्तू होत्या आणि ओळख एकही नव्हती.

तेवढ्यात संक्रांत आली, म्हणजे सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा. वही घेऊन मिरवणुकीच्या वाटेवर एका दुकानाच्या पायरीवर बसलो. सात नंदीध्वज, म्हणजे उंचच उंच मानाच्या काठ्या, येत होते आणि पुढंमागं माणसंच माणसं, सगळी पांढऱ्या बाराबंदीत. चित्र शिकणाऱ्याची याहून मोठी फजिती नाही. एकच कपडा, एकच रंग. मी पाठीवर काय घालू, पट्ट्याला काय लावू यात महिने घालवले होते आणि इथं वेशानं वेगळं करायला काही ठेवलंच नव्हतं. तरी अर्ध्या तासात माणसं वेगळी दिसू लागली. ज्याच्याकडे काठीचा भार होता तो कमरेतून मागं रेललेला, गुडघे किंचित वाकलेले. त्याच्या भोवतीचे नुसतेच हात वर करून, आपणच पेलतोय अशा चेहऱ्यानं. एक आजोबा हात मागं बांधून, पोट पुढं काढून चाललेले, जणू नंदीध्वज त्यांना विचारून निघालाय. त्या दिवशी मी एकही डोळा काढला नाही. पाठीचा कणा कुठं वाकतो तेवढी एकेक रेघ. घरी येऊन मोजल्या तर साठेक रेघा होत्या आणि त्यातली निदान दहा माणसं मला आजही चालीवरून ओळखू येतील.

पुस्तकी हिशोबही शिकलोच. साधा माणूस आपल्या डोक्याच्या साडेसात पट उंच, कॉमिक्समधला वीर आठ किंवा त्याहून जास्त, लहान मूल चारपाच. आरशासमोर पट्टी घेऊन स्वतःला मोजलं. आकडा सांगत नाही.

हिरो सोडून दिला. आता माझी नायिका आहे नरसम्मा, सोलापूरच्या पूर्व भागात बिड्या वळणारी साठीची बाई. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं, तंबाखू, कात्री, दोरा. गल्लीत कुणाचं काय हरवलं ते तिला आधी कळतं, कारण दिवसभर दारात बसून हात खाली आणि कान बाहेर. काळी भरली तरी सुपामुळं चटकन ओळखू येते. बसलेलीच असते, त्यामुळे पायांचा प्रश्न सुटला, हे कुणाला सांगू नका.

नाकाचा मात्र सुटला नाही. जॅकार्डचं बरं असतं. कार्डांची माळ फिरली की शंभरावा मोर पहिल्यासारखाच. हाताला अशी माळ नसते. म्हणून चित्रकार एका पानावर पात्र समोरून, बाजूनं, मागून काढून ठेवतात, दुसऱ्या पानावर हसताना, रडताना, चिडताना, आणि ती पानं डोळ्यांसमोर टांगतात. मी नरसम्माची अशी नऊ तोंडं काढून कपाटाच्या दारावर चिकटवली. बायको म्हणते, साडी काढायला गेलं की नऊ बायका बघतात.

परवा मामा आले तेव्हा पहिलं पूर्ण पान पुढं ठेवलं. सहा चौकटी, शाईत. मामांनी ते सुलटं बघितलंच नाही. कागद उलटा केला आणि ट्यूबलाइटसमोर धरला. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, चादर नेहमी मागनं बघायची. पुढून मोर लाल तर मागून जमीन लाल. पुढच्या बाजूला डोळा सरावतो, चूक मागं सापडते.

मीही त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. कागदातून उजेड येत होता आणि नरसम्मा डावीकडची उजवीकडे तोंड करून बसली होती. रोज बघितलेली बाई एकदम परकी दिसली. सहाही चौकटींत एक डोळा दुसऱ्यापेक्षा चांगला अर्ध्या बोटानं खाली होता.

"नाक सगळीकडं एकच आलंय पण," मामा म्हणाले.

मी पांढरा रंग शोधायला उठलो.