ऋषीच्या भाजीची खरेदी

उद्या गणपती, परवा ऋषिपंचमी, वर रविवार. आज दादर स्टेशनबाहेर भाजीला गेले. अळू, लाल माठ, शिराळी, भोपळा, सुरण, कणसं... पिशवी फाटायचीच बाकी! ऋषीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून भाताऐवजी वरीचे तांदूळ आणि भाजी परसातली. मुंबईत परस कुठलं? वसई-पालघरकडच्या मावश्या वाटे लावून बसतात, तेच आपलं परस.

"खाजरं नाही गं अळू, पण चिंच घाल हां," एक मावशी म्हणाल्या. चिरलेल्या भाजीची पाकिटंही होती. नको बाई! देठ सोलत गप्पा मारण्यातच खरी मजा (सासूबाई असताना तर फारच).

अंबाडी मात्र कुठेच दिसली नाही. कुणाला मिळाली असेल तर सांगा, रात्रीपर्यंत हवीय.